उतारावरची सरळ पट्टी

“आधी ही गाडी हलायची थांबली पाहिजे,” असं म्हणत सासऱ्यांनी पुढच्या चाकांसमोर विटा ठेवल्या. मग मागे सरकून त्या विटा सरळ आहेत का ते पाहिलं, एक जरा तिरकी वाटली म्हणून परत बसवली, आणि तेव्हा कुठे सुनेच्या हातातला निळ्या पट्टीचा रोल घेतला.

“बाबा, हलत नाहीये ती. हँडब्रेक ओढलाय मी,” सून म्हणाली.

“हँडब्रेक हा विश्वासाचा भाग झाला. वीट म्हणजे वीट.”

सासरे गवंडी होते. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणे. ते राहत ती गल्ली टेकडीच्या अंगावर होती आणि इतकी उतरती, की वरच्या घरातून निसटलेला बटाटा थेट खालच्या हमरस्त्यावर जाऊन भेटायचा. पण त्या गल्लीतली निम्मी घरं मिस्त्रींच्या हातची होती, आणि एकाही घराची खिडकी कणभर इकडची तिकडे नव्हती. त्यांचं एकच सांगणं असे. डोळा फसवतो, दोरी सैल पडते, पण पाणी कुणाची भीड ठेवत नाही. दोन्ही टोकांना सारख्या उंचीला उभं राहतं ते पाणी, आणि ते जिथे उभं राहतं तीच सरळ रेघ. म्हणून पाणी भरलेली ती पारदर्शक लेव्हलची नळी त्यांनी जन्मभर खांद्यावर वागवली. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, तरी कपातल्या चहाची कड बघून ते यजमानांना टेबलाचा कुठला पाय आखूड आहे ते सांगत. त्यामुळे बरीच माणसं त्यांना चहा बशीत देत.

हल्ली गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि मिस्त्री घरी बसले होते. घरातल्या सगळ्या तसबिरी सरळ करून झाल्या, कपाटं करून झाली, शेजाऱ्यांची कपाटं करून झाली. नळी खुंटीला लटकली होती आणि मिस्त्री तिच्याकडे बघत बसायचे.

सुनेचं प्रकरण वेगळं होतं. ती इतके दिवस दातांच्या डॉक्टरांकडे वेळा लिहून घ्यायचं काम करत होती. दिवसभर आतल्या खोलीतलं ‘आ करा, अजून मोठा आ करा’ ऐकून तिच्या स्वप्नातसुद्धा माणसं तोंड उघडून यायला लागली होती. एक दिवस तिने नोकरी सोडली, जुनी पण धडधाकट, लांबलचक पांढरी गाडी घेतली, आणि शाळेच्या मुलांची ने-आण करायची ठरवली. डॉक्टर निरोप देताना दात न दाखवता हसले आणि म्हणाले, “जा, जा. तुमची खुर्ची रिकामी ठेवतो. आठवडाभरात याल.” ते हसणं सुनेला दाढेच्या कळेसारखं ठणकत होतं. आता काहीही होवो, त्या खुर्चीवर परत बसायचं नाही.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळेच मोठ्या बाई म्हणत. त्यांनी सुनेला सांगितलं होतं, “सोमवारी शाळा सुटायच्या वेळी गाडी दाखवायला आणा. सीटबेल्ट हवेत, औषधांची पेटी हवी, आणि दोन्ही बाजूंना निळी पट्टी हवी. पट्टी टापटीप हवी बरं का. गाडीवरची पट्टी बघितली की चालवणारा कळतो.” शाळेत आधीपासून दोन व्हॅन लावलेले एक व्हॅनवाले काका तिसरीही घुसवायला टपलेले होते. आणि स्टिकरच्या दुकानदाराने रोल हातात देऊन सांगितलं, “मी चाललो बाहेरगावी, गुरुवारी येईन. सोपं असतं हो! साबणाचं पाणी मारायचं, पट्टी ठेवायची, पुसत जायचं.”

घरी हे ऐकून मिस्त्री खुर्चीतून असे उठले, की गुडघेसुद्धा करकरायला विसरले.

“पट्टी? सरळ? मी असताना दुकानदार कशाला?”

तर रविवारची सकाळ. मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, जरा धीर करून तोंड उघडलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा, त्यामुळे सरळ-वाकड्याची थोडी जाण आपल्यालाही आहे असं त्याला वाटे.

“बाबा, गाडीच्या पत्र्याला मुळातच एक रेघ असते बघा. ही, दाराच्या हँडलखालून जाते ती. तिच्या कडेने पट्टी लावली की झालं.”

“ही रेघ कुणी काढली?”

“कारखान्यात.”

“कारखान्यातला माणूस तुझ्या ओळखीचा आहे?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’सरशी नळी खुंटीवरून खाली आली. तिचं एक टोक सासूबाईंच्या हातात गेलं आणि त्या सवयीने गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

“वर घे. अजून. थोडी खाली. थांब! आता हलू नकोस. श्वास घेऊ नकोस.”

“लग्नात एकदा हात धरलात तुम्ही माझा,” सासूबाई श्वास न घेता म्हणाल्या, “त्यानंतर मी आपली ही नळीच धरून उभी आहे.”

पाणी स्थिर झालं. मिस्त्रींनी पेन्सिलीने खुणा केल्या. मुलगा खुणांकडे पाहून डोकं खाजवायला लागला.

“बाबा, पुढची खूण पार दिव्याच्या भुवईपाशी आलीय आणि मागची बंपरला टेकलीय.”

मिस्त्रींनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. “सूनबाई, फसवलं गं तुला. ही गाडीच तिरकी बनवलेली आहे. तरीच आधीच्याने विकली! पण घाबरू नकोस. भिंत वाकडी असली तरी वरची पट्टी सरळ घेतली, की भिंतीचा दोष झाकतो.”

एकदा हा निवाडा झाल्यावर कामाला जोर चढला. बादलीत साबण असा कालवला गेला की शेजारच्यांना वाटलं घराला आणखी एक मजला चढतोय. मिस्त्रींनी पट्टीमागचा कागद इंच इंच सोडवला, पट्टी ओल्या पत्र्यावर टेकवली, आणि लाकडी रंध्याला जुना बनियन गुंडाळून असा हात फिरवला की पाणी आणि हवा दोन्ही हात जोडून बाहेर पडली. बुडबुडा उरला तिथे सुईने टोचलं. दारांच्या फटींशी ब्लेडने नाजूक चीर दिली. मागून सासूबाई सुनेचा हेअर ड्रायर घेऊन पट्टी शेकत चालल्या होत्या. दुसरी बाजूही तशीच झाली.

आणि खरं सांगायचं तर काम देखणं झालं होतं. मागे घरांच्या जोत्यांच्या रेघा, खिडक्यांच्या रेघा, कुंपणाच्या भिंतींच्या रेघा, सगळ्या मिस्त्रींच्या हातच्या. त्यांच्या ओळीत ही निळी पट्टी अशी शांत बसली होती की मुलानेही डोकं खाजवायचं सोडून दिलं. गल्ली जमली. “मिस्त्री, हात तोच हां अजून!” कुणीतरी म्हणालं.

“हात देवाचा,” मिस्त्री म्हणाले. “नळी माझी.” आणि ते उगीचच बादली धुवायला लागले.

दुपारी सून आणि तिचा नवरा पेट्रोल भरायला निघाले. विटा काढल्या, गाडी गल्ली उतरली आणि खालच्या सपाट हमरस्त्याला लागली. पहिल्यांदा एका सायकलवाल्याने मान तिरकी केली. मग पेट्रोल भरणाऱ्याने केली. मग पेट्रोल भरायला आलेल्या दुसऱ्या गाडीतल्या अख्ख्या कुटुंबाने केली. चौकात वाहतूक पोलिसाने हात दाखवून गाडी थांबवली.

“मागचं टायर बसलंय का हो, ताई?”

“नाही तर.”

“मग पुढच्या चाकाखाली जॅक राहिलाय बहुतेक. बघा उतरून.”

दोघं उतरली. बाजूला जाऊन उभी राहिली आणि त्यांचीही मान आपोआप तिरकी झाली. निळी पट्टी मागच्या बंपरपासून निघून पुढच्या दिव्यापर्यंत चढत गेली होती. गाडी जागेवरच उभी होती, पण बघणाऱ्याला वाटावं की हिने आता धावपट्टी सोडली.

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. पट्टी चढलेलीच.

“घसरली वाटतं,” सून क्षीण आवाजात म्हणाली.

“घसरलेली वस्तू खाली येते. ही वर चाललीय.”

दोघं घाईघाईने घरी परतली. गाडी गल्ली चढून गेली, वरच्या टोकाला वळली, उतरत येऊन दारात थांबली, आणि बघतात तर पट्टी सरळ! खिडकीशी सरळ, जोत्याशी सरळ. सुनेने परत गाडी खाली नेली. वाकडी. परत वर आणली. सरळ. पुन्हा एकदा खाली-वर झाल्यावर मिस्त्रींनी दारातून विचारलं, “काय गं, पेट्रोल जास्त भरलं गेलं का?”

नवरा स्टिअरिंगशेजारी बसून समोर बघत होता. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. “अगं,” तो म्हणाला, “बाबांनी गाडीला पट्टी मारलेलीच नाही. पृथ्वीला मारलीय. मध्ये गाडी आली इतकंच.”

सासूबाईंना स्वयंपाकघरात नेऊन हे सांगितलं तेव्हा त्यांनी उशी मागवली, तिच्यात तोंड खुपसलं, आणि बराच वेळ त्यांचे फक्त खांदे हलताना दिसले. मग डोळे पुसत म्हणाल्या, “काढून टाका गुपचूप.”

“निघत नाही आई. एक कोपरा ओढून बघितला, तर खालचा रंगच सोबत आला. तू ड्रायरने पापड भाजावा तशी भाजली आहेस.”

“मग सांगा त्यांना.”

“तू सांग.”

“मी नळी धरायला आहे, सांगायला नाही.”

शेवटी सूनच गेली. मिस्त्री पायरीवर बसून आपल्या कामाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अनेक दिवसांनी अशी शांतता होती, की तिला आधी परत फिरावंसंच वाटलं. पण सोमवार आणि ती रिकामी खुर्ची डोळ्यांपुढे आली.

“बाबा, खाली गेल्यावर पट्टी वाकडी दिसते.”

मिस्त्रींनी शांतपणे मान हलवली. “पट्टी वाकडी दिसत नाही, सूनबाई. रस्ता वाकडा असेल.”

आणि नळी घेऊन ते निघाले. हमरस्त्यावर, भर रहदारीत, त्यांनी रस्ता मोजला. एका टोकाला सासूबाई, एका टोकाला आपण, मध्ये मुलगा दोन्ही हात पसरून बसगाड्या थोपवतोय. पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीला उभं राहिलं. रस्ता सरळ होता. मिस्त्रींनी नळीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, कडेला उभ्या केलेल्या गाडीकडे पाहिलं, आणि फुटपाथच्या कडेवर बसले.

“घर बांधलं,” ते हळूच म्हणाले, “की ते उठून बाजारात जात नाही गं. माझ्या हातून जे जे सरळ झालं, ते तिथेच राहिलं. हे हलणारं काम. ते माझ्या ध्यानातच आलं नाही.”

सासूबाईंनी त्यांच्या शेजारी बसत म्हटलं, “बरं झालं घरं जात नाहीत. नाहीतर म्हातारपणी तुम्ही त्यांच्या मागे नळी घेऊन बाजारभर फिरला असता.”

मिस्त्री हसले नाहीत. पण उठले मात्र. “मोठ्या बाई गाडी कुठे बघणार?”

“शाळेत.”

“शाळेजवळ उतार आहे?”

“मागच्या फाटकापाशी आहे थोडा,” मुलगा म्हणाला.

“मग चला.”

संध्याकाळी शाळेच्या पहारेकऱ्याने पाहिलं, की एक कुटुंब मागच्या फाटकाशी जमिनीला नळी लावून बसलंय.

“काय मोजताय?”

“आमचा उतार आणि तुमचा उतार जुळतो का बघतोय,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा सूर इतका सोयरीक जुळवण्याचा होता, की पहारेकऱ्याने पाणी आणून दिलं.

उतार कमी भरला. घरच्यासारखा यायला मागच्या चाकांखाली विटा लागणार होत्या.

सोमवारी शाळा सुटायच्या जरा आधी गाडी मागच्या फाटकाशी उतरत्या तोंडाने उभी होती, मागची चाकं विटांवर, पट्टी सुतासारखी सरळ. व्हॅनवाले काका फिरत फिरत आले.

“विटांवर का चढवलीय?”

“खालून हवा खेळती राहते,” मिस्त्री म्हणाले.

मोठ्या बाई आल्या. उंच, चष्मेवाल्या, आणि चालताना वाटेतला कागदाचा कपटा उचलून स्वतःच्या मुठीत ठेवणाऱ्या. त्यांनी सीटबेल्ट ओढून पाहिले, औषधांची पेटी उघडून पाहिली. मग पट्टीवरून बोट फिरवलं. इकडून तिकडे. सुनेचा जीव त्या बोटाच्या टोकावर होता.

“वा! टापटीप काम आहे. एक बुडबुडा नाही.”

सुनेने श्वास सोडला. मिस्त्रींनी आभाळाकडे पाहिलं.

“तर आता गाडी आत पटांगणात आणा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “शिशुवर्ग सुटेल, मुलांना दाखवून ठेवू.”

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी मिस्त्रींकडे, मिस्त्रींनी विटांकडे. इलाज नव्हता. गाडी धप्पदिशी विटांवरून उतरली आणि फाटकातून आत सरकली. जसजसा उतार संपत गेला, तसतशी पट्टीने मान वर काढली. पटांगण तर कॅरमच्या बोर्डासारखं सपाट. गाडी मधोमध थांबली तेव्हा पट्टी आकाशाकडे बोट दाखवून उभी होती.

व्हॅनवाले काका पुढे झाले. “बाई, ही पोरांना घरी सोडणार की ढगात?”

मोठ्या बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. “हे काय? आत्ता तर सरळ होती!”

सून गाडीतून उतरली. दुकानदाराचं नाव सांगावं, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण सासरे समोरच उभे होते, आणि त्यांच्या नखात अजून कालच्या पट्टीचा निळा कपटा अडकलेला होता.

“माझी चूक आहे, बाई. मीच घाई केली.”

“तिची नाही,” मिस्त्री म्हणाले. “पट्टी मी मारली. पाण्याच्या पातळीला मारली. आमच्या उतारावर ती सरळ आहे, तिथे येऊन बघा. इथे ती...” हा शब्द त्यांना जड गेला. “इथे ती वाकडी आहे. आणि मघाच्या विटाही माझ्याच. पण माझ्यापायी हिला परत पाठवू नका. हिचं चालवणं सरळ आहे. मी गाडीत बसलोय हिच्या, हातातला चहा हिंदकळला नाही.”

“परत कुठे पाठवायचं?”

“दातांच्या डॉक्टरांकडे,” सासूबाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला. पण त्या काही बोलणार, एवढ्यात घंटा झाली आणि शिशुवर्ग सुटला.

आता त्या रस्त्याची एक अडचण होती. तिथे एकाला लागून एक तीन शाळा होत्या, आणि निळा रंग शिस्तीचा दिसतो हे तिन्ही शाळांच्या बाईंना स्वतंत्रपणे सुचलेलं होतं. सुटायच्या वेळी बाहेर सगळ्या पांढऱ्या गाड्या, सगळ्यांना निळ्या पट्ट्या. रोज कुणीतरी पोर भलत्याच गाडीत चढायचं आणि भलत्याच आईच्या दारात रडत उतरायचं. मागच्या आठवड्यात तर एक चिरंजीव सकाळीच शेजारच्या शाळेत जाऊन बसले, दुसऱ्याच मुलाच्या नावावर हजेरी दिली, आणि छान वागल्याबद्दल हातावर चांदणी काढून घेऊन परत आले. त्यांना परत पाठवायला तिथल्या बाई तयार नव्हत्या.

मुलांचा लोंढा पटांगणात आला, गाडीपाशी थबकला, आणि साऱ्या लहानग्या माना एकदम एका बाजूला कलल्या.

“ही बघ, चढणारी गाडी!” एक गुबगुबीत मुलगी ओरडली.

“चढणारी! चढणारी!” अख्खा वर्ग नाचायला लागला.

मोठ्या बाईंचे डोळे बारीक झाले. त्यांनी टाळी वाजवली. “मुलांनो, आपल्या शाळेची गाडी कशी ओळखायची?”

“अश्शी!” म्हणत सगळ्यांनी हात तिरके करून आभाळाकडे नेले. एकाचाही सरळ नव्हता.

मोठ्या बाई काही क्षण त्या तिरक्या हातांच्या रानाकडे बघत राहिल्या. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

“ताई, उद्यापासून तुम्ही या. आणि ह्या पट्टीला कुणी हात लावायचा नाही.” मग त्या वळल्या. “व्हॅनवाले, या आठवड्यात तुमच्याही दोन्ही गाड्यांना अशीच पट्टी हवी.”

“बाई! वाकडी?” काकांच्या चेहऱ्यावरचं हसू घसरलं, आणि घसरलेली वस्तू खाली येते तसं खालीच आलं.

“हीच. मिस्त्री, तुम्हीच मारून द्याल ना? इथेच पटांगणात मारा. मोकळी जागा आहे, सपाट आहे.”

सून गाडीला टेकून एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती. सगळ्यांना वाटलं, मिस्त्री आता खुलतील. पण मिस्त्रींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. कुणीतरी त्यांना देवळातून चप्पल चोरायला सांगावी तसा.

“सपाट जमिनीवर उभं राहून वाकडी पट्टी?” ते म्हणाले. “बाई, तुम्ही म्हणाल ते करीन, पण एवढं पाप माझ्या हातून घडणार नाही. गाड्या आमच्या गल्लीत पाठवा. तिथे मी त्यांना सरळ पट्टी मारून देतो. पुढे त्या खाली उतरून वाकड्या झाल्या, तर ते ज्याच्या त्याच्या गाडीचं कर्म.”